जास्तीचा बांबू

बंगाली कॅम्प चौकाच्या पुढे गतिरोधक आहे हे मला बारा वर्षांपासून ठाऊक आहे, तरी त्या दिवशी तो मला दिसला नाही. नवी गाडी इतकी मुकाट पळते की वेग किती झाला हे पायाला कळतच नाही. गाडी उडाली आणि मागच्या सीटवर बसलेल्या मायचा उजवा हात वर गेला. दरवाजाच्या वर, छताच्या कडेला, जिथे साध्यातल्या साध्या गाडीलाही धरायला एक मूठ असते, तिथे तो गेला. आमच्या गाडीला ती मूठ नाही. हात तिथे नुसता फिरला, बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली, आणि मग माय एका अंगावर कलंडली. हे सगळं मी समोरच्या आरशात पाहिलं. एक-दोन सेकंदांची गोष्ट. ती लगेच सावरली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "काई नाई लागलं रे. मीच सैल बसली होती." मी गाडी बाजूला घेतली नाही, मागे वळून पाहिलं नाही. एसी बावीसवर होता आणि माझ्या तळहातांना घाम सुटून स्टिअरिंग निसटत होतं.

तो हात मी आधी एकदा पाहिलेला आहे. माझा मोठा भाऊ इस्तारी बत्तीस वर्षांपूर्वी गावच्या तलावात बुडाला, तेव्हा पाण्याच्या वर शेवटी तेवढंच राहिलं होतं. मी चौदा वर्षांचा होतो आणि त्याच्यापासून दोन हातांवर डोंग्यात बसलो होतो. आणि त्या दिवशी गाडीतून आम्ही निघालो होतो ते त्याच तलावावर, इस्तारीचा वाटा घ्यायला. आमचं गाव पोंभुर्ण्याच्या अलीकडे, घरं दोनशे, त्यांतली चाळीस आम्हा ढिवरांची. चैत्रात तलाव उतरला की मच्छीमार सोसायटीचं मोठं जाळं ओढतात आणि मासोळी काठावर मांडतात, दर घराचा एक ढीग. गावची रीत अशी, की जो तलावात गेला त्याचाही ढीग मांडायचा, त्याची माय जिवंत आहे तोवर. तिनं स्वतः हजर राहून तो उचलायचा. माझी माय, भागीरथा, बत्तीस वर्षं तो ढीग उचलते आणि तिथल्या तिथे वाटून टाकते, आधी कुणी गरोदर बाई असेल तिला, मग पोराबाळांना. स्वतः काही ठेवत नाही. ढिवराची बाई, उभ्या जन्मात डोक्यावर टोपली घेऊन मूलच्या बाजारात मासोळी विकली, आणि इस्तारी गेल्यापासून तिनं मासोळी तोंडात घातलेली नाही.

कारण तिला वाटतं तिनं त्याला मारलं. त्या सकाळी इस्तारीच्या अंगात कणकण होती, तो जायला तयार नव्हता. घरी पाहुणे यायचे होते, त्याच्याच सोयरिकीचे. माय चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली, "मासोळी नाई आणली तं घरी येऊ नको." असं कोणतीही माय म्हणते, आठवड्यातून चारदा म्हणते. पण तो मासोळी आणू शकला नाही आणि घरीही आला नाही, आणि मायनं आपलं ते वाक्य गळ्यात धोंड बांधावी तसं बांधून घेतलं. ती चूक तिची नव्हती हे जगात एकाच माणसाला ठाऊक आहे. तो माणूस कोळशाच्या खाणीत सुरक्षा अधिकारी आहे, त्याच्या गाडीला काचेचं छत आहे, आणि बत्तीस वर्षांत त्यानं तोंड उघडलेलं नाही. उघडलं ते खाण्यापुरतं. रविवारी ताटात मरळ नसली तर माझा चेहरा उतरतो, हे घरात सगळ्यांना माहीत आहे, आणि ती मरळ माय करते. वासावरून मीठ ओळखते, चव घेत नाही, आणि वाढून झालं की समोर बसून विचारते, "बराबर झालं का रे देवा?" देवा म्हणजे मी, आणि मी बोटं चाटत हो म्हणतो.

गाडीबद्दल मात्र माझं तोंड बंद नसतं. दसऱ्याला घेतली, तेव्हापासून मी तिच्याशी भांडतो आहे. या गाडीत बसायच्या जागेतून गार वारा येतो. दरवाजांच्या कडेनं रंग बदलणारे दिवे लागतात, तुमच्या मनःस्थितीप्रमाणे म्हणे. थंडी वाजते असं नुसतं म्हटलं तरी गाडी ऐकते, इंग्रजीत म्हटलं तर. पण मागच्या काचेला वायपर नाही, त्यामुळे चार महिने धूळ आणि चार महिने चिखल पाठीवर घेऊन आंधळ्यासारखं फिरायचं. मुठी नाहीत. सामानाच्या जागेत साधा दिवा नाही. आणि स्टेपनी नाही. जंगलातून साठ-साठ किलोमीटर जायचं असतं आमच्या जिल्ह्यात, आणि चाक गेलं तर फुगवायला एक पांढऱ्या फेसाची बाटली दिली आहे, दाढीच्या फेसासारखी. विदर्भातल्या मालकांचा आमचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. नागपूरचे एक डॉक्टर आहेत, त्यांना बायकोच्या सीटला उंची वाढवायची कळ नाही याचं दुःख आहे. वर्ध्याचे एक वकील रोज सकाळी सुप्रभातसोबत यादी टाकतात, अर्ध्या किमतीच्या गाडीत काय काय मिळतं आणि आपल्याला काय मिळालं नाही. दुःख खरं आहे, पण त्याला एक खाऊनपिऊन सुखी माणसाचा सूर आहे, तोही मला कळतो. तरी सगळ्यांत जहाल मीच लिहितो. भाग्यश्री, माझी बायको, वडशाची आहे, तिच्या जिभेला हाड नाही. म्हणते, "गाडी घेतली का सवत आणली? दिवसभर तिचंच गाऱ्हाणं. तुमाले कशात खोट नाई सापडली तं अन्न पचत नाई." खरं आहे. माझा पगारच त्याचा आहे. खाणीत उतरण्याआधी दोर आहे का, दिवा आहे का, जास्तीचा दिवा आहे का, हे मी पाहतो. एकदा एका पाळीला मी पन्नास मिनिटं वरच उभं ठेवलं होतं, एक दोर जागेवर नव्हता म्हणून. माणसं मला मागून काय म्हणतात ते मी ऐकलेलं आहे.

गेल्या महिन्यात कंपनीच्या माणसाचा फोन आला. आवाज मधाळ, मराठी शुद्ध. म्हणाला, "सर, आमच्या अभ्यासानुसार शंभरातले सत्त्याण्णव ग्राहक स्टेपनी कधी वापरतच नाहीत. ती नुसती पडून असते. जागा अडवते." मी म्हणालो, पडून असणं हेच तिचं काम आहे. तुम्ही ज्या दिवसासाठी ती ठेवत नाही तो दिवस उरलेल्या तिघांच्या वाट्याला येतो. तो म्हणाला, "तुमची भावना मी वरपर्यंत पोचवतो, सर." मी आणखी बोलणार होतो, पण माझा कान तापला आणि मी फोन ठेवून दिला. भाग्यश्रीला वाटलं मी चिडलो. मी घाबरलो होतो. ते वाक्य त्याचं नव्हतं, माझं होतं. नुसता पडून असतो, जागा अडवतो. चौदाव्या वर्षी एक बांबू खांद्यावर टाकताना मी मनाशी तेच म्हणालो होतो.

आमचे डोंगे लहान, एका लाकडातून कोरलेले, आखूड वल्ह्यानं चालणारे. एका अंगाला माणसानं भार दिला की पालथे. म्हणून ढिवराच्या पोराला पोहण्याच्याही आधी एक गोष्ट शिकवतात. बुडणाऱ्याला हात द्यायचा नाही, बांबू द्यायचा. हात दिला की तो तुला ओढतो, डोंगा उलटतो आणि एकाच्या जागी दोन जातात. त्यासाठी प्रत्येक डोंग्यात एक लांब, हलका, वाळलेला बांबू आडवा टाकलेला असतो. त्यानं डोंगा हाकत नाहीत, त्यावर जाळं वाळवत नाहीत. तो जास्तीचा. वर्षानुवर्षं त्याला कुणी हात लावत नाही, फक्त अडखळतात आणि शिव्या देतात. बाबांनी मला हा नियम ओल्या काठीनं शिकवला. तलावात दोघा-तिघांना बुडायचं सोंग घ्यायला लावायचे आणि मी चुकून हात पुढे केला की पोटरीवर फटका. मी अकरा वर्षांचा असताना बाबा काविळीनं गेले, तोवर हा नियम माझ्या अंगात इतका मुरला होता की मी स्वप्नातही कुणाला हात देत नसे.

इस्तारी गेला त्या साली गावात गुणवंतरावांकडे पहिला टीव्ही आला. गुणवंतरावांचं किराणा दुकान होतं, ट्रॅक्टर होता, आणि मन मोठं होतं. पडवीत टीव्ही मांडला आणि सगळ्या गावाला बसायला सांगितलं. पण चित्रात मुंग्याच मुंग्या. अँटेना अजून पाच-सहा हात वर गेला पाहिजे असं ठरलं, आणि तेवढा लांब, सरळ, हलका बांबू कुणाकडे असेल यावर चर्चा सुरू झाली. मी म्हणालो, मी आणतो. मला काही दिलं नाही कुणी, नुसतं पहिल्या ओळीत बसायला मिळणार होतं. डोंग्यातून बांबू उचलला, दोन दिवसांत परत ठेवू म्हणालो, नाहीतरी पडूनच असतो. छपरावर चढून मीच तो तारेनं आवळला. मुंग्या गेल्या, बातम्या देणाऱ्या बाईचा चेहरा लख्ख दिसला, आणि लोकांनी मला शाबासकी दिली. दोन दिवसांचे पाच झाले. सहाव्या दिवशी पाहुणे यायचे होते.

गाडी लोहारा, घंटाचौकी मागे टाकून जंगलातून चालली होती. चैत्रातलं जंगल, पानं गळालेली, मोहाचा वास काचा बंद असूनही आत येत होता, किंवा येतो आहे असं मला वाटत होतं. गाडीला इंजिनाचा आवाज नाही हेही मला आवडत नाही. जुन्या गाडीत माणूस स्वतःच्या विचारांवर काहीतरी पांघरूण घालू शकतो. इथे मायचा श्वास ऐकू येतो. चिचपल्लीला बांबूंनी भरलेला एक ट्रक आमच्यापुढे आला, बांबूंची टोकं मागे वाकून रस्त्यावर हलत होती, आणि मी घाईनं त्याला ओलांडून गेलो. आरशात पाहायचं टाळत होतो. आरशात हात असेल असं वाटत होतं. हे असलं मी कुणाला सांगत नाही, खाणीत माणसं माझ्या भरवशावर उतरतात. पण इस्तारीचा हात मला दिसतो. गर्दीत बसच्या दांड्याला लोंबकळणाऱ्या हातांत दिसतो. भाग्यश्री वरच्या फळीवरचा डबा काढायला हात उंचावते तेव्हा मी खोलीतून बाहेर जातो.

कार्तिकाचे दिवस होते, तलाव काठोकाठ, शिंगाड्याच्या वेलींनी निम्मं पाणी झाकलेलं. जाळं खाली कुठल्या तरी खोडात अडकलं. इस्तारीनं दोनदा ओढून पाहिलं, एक शिवी दिली आणि अंगात ताप असताना उडी मारली. बराच वेळ लागला. मग जाळं सुटलं, दोर सैल झाला आणि तो वर आला, पण पूर्ण आला नाही. पाय जाळ्यात आणि वेलींत होता. तो ओरडला नाही. रोजच्या आवाजात म्हणाला, "देवा, बांबू दे." मी खाली वाकलो आणि डोंग्याच्या तळाशी हात फिरवायला लागलो. बांबू तिथे नाही हे मला माहीत होतं. तरी मी शोधत राहिलो, जाळ्याच्या ढिगाखाली, टोपलीखाली, कारण शोधत होतो तोवर मी काहीतरी करत होतो. तो खाली गेला, पुन्हा आला. मी वल्हं पुढे केलं, ते हातभर कमी पडलं. तिसऱ्यांदा नुसता हात आला, आधीपेक्षा जवळ, बोटं उघडली, मिटली, उघडली. दोन हातांचं अंतर होतं. मी पालथा पडून हात दिला असता तर पोचला असता. मी हात दिला नाही. डोंग्याच्या दोन्ही कडा घट्ट धरून बसलो आणि नियम पाळला.

काठावर माणसं जमली तेव्हा वारलूभाऊंनी, ते तेव्हाही सोसायटीचे प्रमुख होते, मला एकच विचारलं, "बांबू कुठी गेला?" मी म्हणालो, वाहून गेला. तलावाच्या पाण्याला धार नसते. तिथे काही वाहून जात नाही. वारलूभाऊ माझ्याकडे पाहत राहिले आणि मग माझ्या अंगावर स्वतःचा दुपट्टा टाकला. त्यानंतर नऊ वर्षं तो बांबू गुणवंतरावांच्या छपरावर उभा होता. सुतकानंतर बायका मायला मन रमवायला तिथे घेऊन जायच्या. ती पडवीत बसायची, मान वर करून, तोंड किंचित उघडं, चित्रात काय चाललं आहे ते तिला कळत नसावं. मी पहिल्या ओळीत असायचो. वारा सुटला की अँटेना फिरायचा, चित्रात मुंग्या यायच्या, आणि कुणीतरी म्हणायचं, "देवा, वर जाऊन बांबू फिरव जरा." मी छपरावर चढायचो आणि फिरवायचो. खालून विचारायचे, आता दिसते का. माय पण मान वर करून माझ्याकडे पाहायची.

केळझरच्या पुढे पडद्यावर लाल अक्षरं आली. मागचं डावं चाक. उतरून पाहिलं तर कडेला बोटभर चीर, कुठल्या तरी खिळ्यानं नव्हे, रस्त्याच्या तुटक्या काठानं कापलेली. तरी बाटलीतला फेस भरून पाहिला. तो चिरेतून बाहेर आला आणि माझ्या बुटांवर पडला. मदतीच्या नंबरावर बाई म्हणाली की नागपूरहून माणूस निघतो आहे, तीन तास लागतील, तोवर सुरक्षित जागी थांबा. सुरक्षित जागा म्हणजे गाडीतच, कारण तो भाग वाघाचा आहे आणि तिथे दिवसाही कुणी पायी रेंगाळत नाही. मी आत येऊन बसलो. या वेळी मागे, मायच्या शेजारी. ती घड्याळ वाचत नाही, पण उन्हावरून तिला कळलं.

"वाटा मांडला असन त्यायनं," ती म्हणाली.

"वारलूभाऊ थांबतील. मी फोन करतो."

"माह्याच पायी झालं हे. मीच म्हटलं लवकर चाल, लवकर चाल. तू तं हळूच चालवत होता."

"तुह्या पायी काई नाई झालं. कंपनीनं चाक दिलं नाई."

"कंपनी काय मले वळखते? मी बसली म्हून झालं. माह्या हाताले यश नाई, देवा."

मी फोन काढला आणि ग्रुपवर लिहायला लागलो. जंगलात उभा आहे, सत्तर पार केलेली आई सोबत आहे, इथपासून सुरुवात केली. बोटं भराभर चालत होती. लिहिलं की जो माणूस तुमच्या भरवशावर बसतो त्याच्या वाईट वेळेसाठी ठेवायची वस्तू तुम्ही काढून घेता, आपली सोय पाहता, आणि त्याला सांगतही नाही. वर, काही झालं तर तो स्वतःलाच दोष देत बसतो. पाठवून दिलं. दोन मिनिटांत पंचवीस-तीस अंगठे आले. वर्ध्याच्या वकिलांनी लिहिलं, अगदी माझ्या मनातलं. डॉक्टर म्हणाले, हे कोर्टात वाचून दाखवलं पाहिजे. मी ते पुन्हा वाचलं. त्यात गाडीचं नाव कुठेच नव्हतं. शेजारी माय आपल्या तळहाताकडे पाहत बसली होती, त्याच्यात खरंच यश नाही का हे तपासत असल्यासारखी.

"माय," मी म्हणालो, "इस्तारी तुह्या बोलण्यानं नाई गेला."

"राहू दे थे आता."

"ऐक. डोंग्यात बांबू नव्हता."

"वाहून गेला होता नं."

"वाहून नव्हता गेला. मी नेला होता."

मग सांगितलं. फार वाईट सांगितलं, खाणीतल्या अपघाताचा अहवाल सांगतात तसं, किती लांबीचा बांबू, कोणत्या दिवशी नेला, कितव्या दिवशी काय झालं. तो बोलला ते सांगितलं. वल्हं किती कमी पडलं ते सांगितलं. हात दिला नाही हे शेवटी सांगितलं आणि ते सांगताना माझा आवाज चौदा वर्षांच्या पोरासारखा फुटला. एसी चालूच होता, त्याचाही आवाज येत नव्हता. माय समोरच्या सीटच्या पाठीकडे पाहत होती.

"कोनाच्या घरावर?" तिनं विचारलं.

"गुणवंतरावच्या."

"त्या टीवीच्या?"

"हो."

"मी तं सहा महिने जाऊन बसो तिथी." मग म्हणाली, "वर चढून तूच फिरवत होता थो."

"हो, माय."

ती रडेल असं मला वाटलं. मारेल असंही वाटलं, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. खरं सांगायचं तर मी एका वाक्याची वाट पाहत होतो, पोट्टा होता रे तू तवा, या वाक्याची. बत्तीस वर्षं मी गप्प राहिलो ते तिला दुखवू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगत आलो होतो. ते खोटं होतं. ते वाक्य ती म्हणेलच याची मला खात्री नव्हती, म्हणून मी गप्प राहिलो. ती म्हणाली, "पाणी दे." बाटलीतलं निम्मं पाणी प्यायली, पदरानं तोंड पुसलं आणि खिडकीकडे तोंड करून बसली.

पाऊण तासानं मूलच्या बिरजूची पिकअप आली, शहरातून बर्फाचे डबे घेऊन आमच्याच तलावावर मासोळी घ्यायला निघालेली. बिरजू माशांचा ठोक व्यापारी, मायला तिच्या टोपलीच्या दिवसांपासून ओळखतो. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली. "काकू, एवढ्या राजेशाही गाडीले स्टेपनी नाई? माह्या ह्या खटाऱ्यात दोन हायेत. एक देऊ का हुंड्यात?" कुणी हसलं नाही तसा तो वरमला. मी गाडी तिथेच कुलूप लावून सोडली. पुढे दोघांपुरतीच जागा होती. माय चढून बसली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तू मांग बस." मी बर्फाच्या डब्यांत बसलो. तिथून गावापर्यंत डब्यांतून गळणारं पाणी माझ्या पँटमध्ये मुरत होतं, आणि मला हलकं वाटायला हवं होतं ते वाटत नव्हतं. सांगून टाकलं की ओझं उतरतं म्हणतात. ज्याच्या डोक्यावर ते ठेवलं त्याच्याबद्दल कुणी काही म्हणत नाही.

तलावावर बाकीचे ढीग उचलून झाले होते. आमच्या घरचा आणि त्याच्या शेजारी इस्तारीचा, असे दोनच उरले होते, वरून ओलं पोतं टाकलेलं. वारलूभाऊ आता ऐंशीच्या पुढचे, मोतीबिंदूनं डोळे दुधाळ, तरी मायचं पाऊल त्यांनी ओळखलं. रीतीप्रमाणे त्यांनी मोठ्यानं नाव घेतलं, "इस्तारीचा वाटा, त्याच्या मायनं उचलावा." पाच-सहा पोरं ताटल्या घेऊन उभी होती, आणि एक पोटुशी बाई बाभळीच्या सावलीत बसून होती. माय उकिडवी बसली, पोतं बाजूला केलं, एक मोठी रोहू, दोन कतला, मूठभर बारीक मासोळी, सगळं टोपलीत भरलं आणि टोपली कमरेवर घेतली. मग आमच्या घरच्या ढिगाकडे बोट दाखवून पोरांना म्हणाली, "थो वाटून घ्या. त्या बाईले आधी द्या."

"अन् हा?" वारलूभाऊंनी विचारलं. त्यांना दिसत नव्हतं, पण टोपली हलकी झालेली नाही हे त्यांना कळलं असावं.

"हा घरी नेतो, भाऊ."

"कोन खाईल?"

"मी."

वारलूभाऊंनी तोंड माझ्या दिशेला फिरवलं. त्यांना सगळं तेव्हापासूनच माहीत होतं, की मला नुसतंच तसं वाटलं, ते मी विचारलं नाही आणि आता विचारणारही नाही.

आमचं घर बंद असतं, म्हणून ती वारलूभाऊंच्या अंगणात गेली. त्यांची नातसून दिव्यानी चूल पेटवायला लागली. मायनं तिला मासोळीला हात लावू दिला नाही. राख घेऊन विळीवर बसली, खवले काढले, रोहूचे तुकडे केले, लसूण आणि लाल मिरची वाटली, चिंच कोळली. मी ओट्यावर बसून होतो. तिचे हात इतक्या सराईतपणे चालत होते की पाहवत नव्हतं. रस्सा उकळल्यावर तिनं पळीत थोडा घेतला, फुंकला, आणि जिभेला लावला. क्षणभर थांबली. चिमूटभर मीठ आणखी टाकलं.

दिव्यानीनं तिघांची ताटं मांडली, वारलूभाऊंचं, मायचं, माझं. भात वाढला. माय खायला लागली. सावकाश, खाली मान घालून, काटा ओठांच्या कोपऱ्यातून काढून ताटाच्या कडेला ठेवत, एकामागून एक ओळीनं. तिनं रोहूचं डोकं संपवलं आणि दुसरा तुकडा घेतला. बत्तीस वर्षांची भूक डोळ्यांनी पाहणं काय असतं ते मी त्या अंगणात पाहिलं. दिव्यानी रश्श्याची पळी घेऊन माझ्या ताटाकडे वळली.

"त्याले नको वाढू," माय म्हणाली. "थो नाई खात."

"काऊन बाई? मांगच्या साली तं देवाभाऊनं मांगून मांगून खाल्ली."

"आजपासून नाई खात."

दिव्यानीनं माझ्याकडे पाहिलं. वारलूभाऊंचा घास हातातच राहिला. मी तिला म्हणालो, मला थोडं मीठ दे, आणि ते कोरड्या भातात कालवून जेवायला लागलो.